खोन्सूची वेणी

इंद्रलोक, भाईंदर पूर्व
मंगळवार, संध्याकाळ

केमो सुरू झाल्यापासून सईचे केस उशीवर झुबक्यांनी यायला लागलेत, म्हणून आज ह्यांनी ट्रिमर आणला. सई म्हणाली, "बाबा, सगळे नाही हं काढायचे." तिच्या पुस्तकात जुन्या इजिप्तचा चंद्रदेव आहे, खोन्सू. मुंडण केलेलं डोकं आणि कानापाशी एकच वेणी. तिला तश्शीच हवी होती.

मी ती बट धरून ठेवली, ह्यांनी बाकीचे केस काढले. वेणी जेमतेम करंगळीएवढी झाली. आरशात बघून पोर हसली. मला का नाही हसता आलं?

मग तिनेच गोष्ट सांगितली. लांबच्या देशातली एक राजकन्या आजारी होती. इजिप्तच्या राजाने खोन्सूची मूर्ती तिच्याकडे पाठवली आणि ती बरी झाली.

"आई, तिथे दुसऱ्या पण मुली आजारी असतील ना? त्यांचं काय झालं?"

"पुस्तकात नाहीये का?"

"नाही. म्हणून तर तुला विचारतेय."

"झाल्या असतील गं बऱ्या."

ह्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. सई मात्र बघत राहिली. मग माझीच समजूत काढावी तशी तिने हळूच मान डोलावली.