‘येतो’ म्हणून निघालेला डॉक्टर

४ जानेवारी
परदेशी हॉस्पिटलांच्या दारात तिष्ठत बसलेल्या माझ्या डॉक्टर बंधू-भगिनींनो! मायदेशात आपण पेशंट तपासत होतो, इथे नुसते पाहतो. स्टेथोस्कोप गळ्यात, पण कुणाच्या छातीला लावायची बंदी! आधी भाषेची परीक्षा, मग ट्रेनिंगची सीट. हा अन्याय किती दिवस?
भाषण उत्तम झालं. श्रोता एकच, आपल्याकडचाच रूममेट, भूल देणारा डॉक्टर. तो मोजे धूत होता. म्हणाला, गड्या, बेसिन मोकळं झालं, आता तुझे धू.
संकल्प: हृदयरोग. दुसरं काहीही नाही. परीक्षा मार्चमध्ये. किरकोळ.

२१ जानेवारी
वॉर्डातल्या एका आजोबांना निघताना इथल्या भाषेत ‘येतो हं’ म्हणालो. दुपारी सिस्टर चिडून आली. आजोबा शर्ट काढून बसलेत, जेवायलाही तयार नाहीत, कारण डॉक्टर तपासायला येतो म्हणालाय. तिला समजावलं की आमच्यात निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, अशुभ असतं. आजारी माणसापाशी तर नाहीच नाही. ती म्हणाली, म्हणून आजोबांना सर्दी होऊ दे का?
कोत्या मनाचे लोक. मी माझी संस्कृती सोडणार नाही.

८ फेब्रुवारी
बाबांचा फोन. माझ्या बंद दवाखान्यावर नवी पाटी लावली: ‘हृदयरोगतज्ज्ञ’. पेंटर रिकामा होता म्हणे, म्हणून आत्ताच रंगवून घेतली. लोक विचारतात, डॉक्टर कधी येणार? बाबा सांगतात, येतो म्हणालाय.
बरोबरच आहे. फक्त सीट मिळायची बाकी आहे.
अभ्यास उद्यापासून. आज भाषणाचा समारोप सुधारला.

१७ मार्च
परीक्षा झाली. पेशंटशी इथल्या भाषेत बोलून दाखवायचं. खोटा पेशंट, खोटं छातीचं दुखणं, खरे परीक्षक. हृदयाच्या आजारांवर असा बोललो, की पेशंट कण्हायचंच विसरला. शेवटी त्याचा हात हातात घेऊन म्हणालो, येतो. आणि बाहेर आलो. आत बराच वेळ शांतता. भारावले असणार.

२ एप्रिल
नापास. शेरा: रुग्णाला कुठे दुखतं हे विचारलं नाही. येतो म्हणून गेले, आले नाहीत. सगळे माझी वाट बघत बसले होते म्हणे!
रूममेट पास. विचारलं, एवढं काय बोललास? म्हणाला, कुठे दुखतंय विचारलं आणि गप्प बसलो. भुलीची सीट नव्हती, म्हणून त्याने हृदयरोगाची घेतली. घेतली! मेथीची जुडी घेतल्यासारखी.

१२ मे
नीट विचार केला तर हृदयाचं उगाच स्तोम आहे. फुप्फुसं शेजारीच असतात. तिथेही भाषेचा दाखला मागतात. पोटवाल्यांनी उत्तरच दिलं नाही. गुडघेवाले नाही म्हणाले. शरीर संपत आलं.
पुन्हा परीक्षा जूनमध्ये. व्हिसाही तेव्हाच संपतो. या वेळी ठरलं, ‘जातो’ म्हणायचं. आरशासमोर सराव केला. रूममेट म्हणाला, इतक्या रडव्या तोंडाने म्हणू नकोस, पेशंटला वाटेल तोच चाललाय.

२० जून
कुठे दुखतं ते विचारलं. ऐकूनही घेतलं. मग निघायची वेळ आली. खाटेवरची बाई नटी आहे, धडधाकट आहे, ठाऊक होतं. तरी ‘जातो’ तोंडातून बाहेर पडेना, आणि ‘येतो’ म्हणायची सोय नाही. खाटेपाशी उभाच राहिलो. घंटा झाली. तरी उभाच.

२८ जून
नापास. बॅग भरली.
बाबांना फोन केला. हवापाणी, आईची कंबर, सगळं बोललो, हे एवढं सोडून. ठेवताना सवयीने म्हणालो, येतो.
बाबांनी हळूच विचारलं, फोन ठेवतोयस, की येतोयस?
वक्तृत्वाचे एवढे करंडक घरच्या कपाटात, आणि मला एवढंच जमलं:
बाबा, पाटी उतरवा. मी पोचायच्या आत.