हुकमाआधी बावीस दिवस

॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥

कोल्हापूर, ता. ३ सप्टेंबर १९१९

ती. रा. आकारामदाजी यांस, जोतीरामचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. आपले पत्र पोहोचले. आपले अक्षर दिवसेंदिवस थोर होत चालले आहे, या खेपेस अख्ख्या कागदावर नऊच ओळी मावल्या. धोंडुताईस सांगावे, की शेंगांची चटणी मिळाली आणि आमच्या खोलीतल्या चौघा कारकुनांनी दोन दिवसांत डबा पुसून ठेवला.

आपण गावच्या शाळा पंच कमिटीचे मुख्य झालात, सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्याप्रमाणे घरोघर फिरून एकेचाळीस पोरांची याद केलीत, ती आमच्या शाळाखात्यात आली. इतकी नेटकी याद क्वचित येते, असे मोठे कारकून म्हणाले. मी मान खाली घालून लिहीत राहिलो, पण आत छाती फुगली होती.

आता एक आपल्यातली गोष्ट. काल एका हुकमाचा मसुदा साफ लिहून काढायला माझ्याकडे आला. यापुढे महारवाड्यातल्या पोरांची शाळा वेगळी नाही, बाहेर बसवणे नाही, सगळ्यांनी एका खोलीत एका रांगेत बसायचे. लिहिताना आपल्या देवळातली शाळा आणि पायरीखाली उन्हात बसलेली ती पोरे डोळ्यांसमोर आली. आपणास आनंद होईल म्हणून कळवतो.

ताईस नमस्कार, अंबूस गोड पापा. लोभ आहेच, तो उतू जाऊ द्यावा.

आपला
जोतीराम

॥ श्री ॥

मौजे आंबेमाळ, ता. १२ सप्टेंबर १९१९

चि. जोतीराम यास आकारामचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं आणि रविवारी मी ते चावडीवर वाचून दाखवलं. दचकू नकोस, चटणीचा मजकूर गाळला. सरकारचा हुकूम एवढाच भाग वाचला आणि सोमवारपासून, म्हणजे आठ तारखेपासून, अंमल सुरू केला.

अडचण एकच होती. शाळा भरते मारुतीच्या देवळात, आणि महारवाड्यातल्या पोरांना देवळात कोण घेणार? त्यावरनं डोकी फुटली असती. म्हणून मी शाळाच उचलली आणि आपल्या गुऱ्हाळघरात आणली. ऊस अजून उभा आहे, दिवाळीपर्यंत रस आटवायची काहील काही चुलवाणावर चढत नाही. तुझ्या बहिणीनं जमीन सारवली, मास्तरांनी फळा टांगला आणि सगळी पोरं एका घोंगड्यावर बसली. पहिल्या दिवशी गेल्या सालच्या गुळाच्या वासानं मुंगळे निघाले. त्यांनी मात्र कुणाची जात न विचारता सगळ्यांना सारखंच फोडून काढलं. मास्तर तर उभ्यानंच शिकवत होते.

पण गाव बिथरलं आहे. दुसऱ्या दिवसापासून पोरं गळायला लागली. एकेचाळीसातली आज अकरा उरली. त्यात सात महारवाड्यातली आणि आपली अंबू धरून चार. माझ्या सख्ख्या भावानं, कृष्णातनं, त्याची दोन्ही पोरं घरी ठेवली, आणि बांधावर भेटला की मान फिरवतो. बाळासो पाटील म्हणतात, की हुकूम हाय तर कागद दाखव की. तेव्हा छापील कागद उलट टपालानं धाड.

घरची माया अशीच वाढती राहो.

तुझा
आकाराम

॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥

कोल्हापूर, ता. १४ सप्टेंबर १९१९

ती. रा. दाजी यांस, शि. सा. न. वि. वि.

आपले पत्र वाचून हातातला टाक गळून पडला. दाजी, मसुदा म्हणजे हुकूम नव्हे. त्यावर अजून सही नाही, शिक्का नाही. त्यात बदल होईल, तो महिनाभर पडून राहील, कदाचित निघणारही नाही. मेहुण्याचे पत्र चावडीवर वाचणारा पंच अख्ख्या करवीर राज्यात आपणच असाल! आणि ते लिहिणारा गाढव मी. खात्यातला कागद बाहेर गेला हे कळले, तर माझी नोकरी त्याच दिवशी जाईल. आईला दोन घास इथूनच जातात, हे आपण जाणता.

हात जोडून विनंती, हुकूम निघेपर्यंत शाळा पूर्वीसारखी देवळात न्यावी. माझे पत्र चुलीत घालावे.

एक मात्र कारकून म्हणून सांगतो, कारण सांगितल्यावाचून राहवत नाही. सक्तीचा कायदा मी पुन्हा वाचला. पोराने शाळेत यायचे, आले नाही तर आईबापाला दंड, एवढेच त्यात आहे. शाळा देवळातच भरावी असे कुठे लिहिलेले नाही.

लोभ असावा, अक्कलही असावी, आणि ती मला आधी यावी.

आपला
जोतीराम

॥ श्री ॥

मौजे आंबेमाळ, ता. १९ सप्टेंबर १९१९

चि. जोतीराम यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र चुलीत घातलं. दोन्ही घातली. पण शाळा हलवली नाही, आणि का नाही ते नीट ऐक, मग काय शिव्या द्यायच्या त्या दे.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू. घोंगडं गुंडाळायला म्हणून मी गुऱ्हाळघरात गेलो. तिथं दारात महारवाड्यातली बयाबाई उभी होती. तिची शेवंता आपल्या अंबूच्या शेजारी बसते. गावातली कुजबुज तिनं ऐकली होती. ती म्हणाली, की अण्णा, हुकूम खरा हाय का न्हाय ते मला ठाव न्हाय, पर उद्या परत भायेर बसवायचं असंल तर आजच सांगा. पोरीला आत बसायची सवं लागली तर ती मोडताना मला बघवायचं न्हाय. जोतीराम, मला घोंगड्याला हात लावता आला नाही. मी म्हणालो, की शेवंता हितंच बसंल.

मग चावडी बसली. पाटलांनी सगळ्यांदेखत कागद मागितला. कागद दाखवावा तर तू बुडणार. मी सांगितलं, की कागद न्हाय. हुकूम बिकूम काय आला न्हाय, मीच माझ्या मनानं केलं. रविवारी वाचलं ते खोटं होतं. चावडीत एकच गलका झाला. कुणी मला लबाड म्हणालं, कुणी पंचाईतीतनं काढा म्हणालं. पाटील कोल्हापूरला अर्जी करणार आहेत. पण एक गंमत झाली. तोवर मी हुकमाचा ताबेदार म्हणून उभा होतो. माझ्या मनानं केलं असं खोटं म्हणून तोंडातनं काढलं, आणि त्या घटकेला ते खरंच झालं.

तुझी कारकुनी अक्कलही कामाला आली. सक्तीचा कायदा वाचून दाखवला आणि गैरहजेरीच्या तीस पोरांच्या नोटिसा मास्तरांकडनं तिथंच लिहून घेतल्या. पहिली नोटीस माझ्या सख्ख्या भावाला दिली, दुसरी पाटलांना त्यांच्या नातवाबद्दल. तुझी बहीण पाणवठ्यावर बायकांना म्हणाली, की माझी पोरगी त्या पोरींसंगं बसून काळी पडली न्हाय का तिला शिंगं फुटली न्हाईत, तुमच्या पोरांस्नी घरी ठिवून काय त्यांचं लोणचं घालणार हाय व्हय? आज कृष्णातची दोन्ही पोरं आली. बाप अजून बोलत नाही, पण पोरं आली.

तुझं नाव माझ्या तोंडून निघणार नाही. आईची काळजी करू नको, आमच्या घरात तिच्या वाटणीची भाकरी आहे.

मोठ्यांचा जीव लहानांवर असतो तसा आहेच.

तुझा
आकाराम

॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥

कोल्हापूर, ता. २ नोव्हेंबर १९१९

ती. रा. दाजी यांस, जोतीरामचा शि. सा. न. वि. वि.

दिवाळीला येता आले नाही, क्षमा असावी. हुकूम तीस सप्टेंबरला निघाला, आणि तो आपल्या चावडीवर पाटलांना स्वतःच्या तोंडाने वाचावा लागला, हे ताईच्या निरोपावरून कळले. एकेचाळीसपैकी अडतीस पोरे येतात आणि गुळाच्या हंगामासाठी गुऱ्हाळघर मोकळे करायला पाटलांनी स्वतःची वैरणीची खोली दिली, हे ऐकून मी खोलीत एकटाच हसलो. माणूस हट्टी आहे, पण वाईट नाही. त्यांची अर्जी इथे आली तेव्हा हुकूम निघून गेला होता, ती दप्तरात गेली.

आता माझी हकीकत. कोणत्या गावी पोरे कधीपासून एकत्र बसू लागली, याचा तक्ता खात्याने मागवला आणि तो करायला माझ्याकडेच आला. आंबेमाळच्या कागदावर आपल्या त्या थोर अक्षरात आठ सप्टेंबर लिहिले होते. मोठे कारकून म्हणाले, की ही गावठी चूक दिसते, हुकूमच तीस तारखेचा आहे, तू ऑक्टोबर कर. एवढे केले असते तर कोणाला काही कळले नसते. माझी नोकरी राहिली असती आणि आपले गाव बाकीच्या गावांच्या रांगेत कुठेतरी मध्ये बसले असते.

दाजी, माझ्याच्याने ते झाले नाही. मी म्हणालो, की तारीख बरोबर आहे. हुकमाआधी बावीस दिवस गावाला कसे कळले, असे त्यांनी विचारले. मी सांगितले, की मसुदा मी लिहिला, घरच्या पत्रात मीच कळवला, आणि तिथले पंच माझे दाजी आहेत. शेवटचे चार शब्द मी जरा मोठ्यानेच म्हणालो.

खात्याच्या साहेबांनी दोन दिवस मला दारात उभे ठेवले. नोकरी गेली नाही. एक पायरी खाली उतरवून आजऱ्याच्या कचेरीत बदली केली आहे. येत्या सोमवारी निघतो. ताईने डोळ्यांत पाणी आणू नये, तिथला घनसाळ तांदूळ फार वाखाणतात आणि आईला मी बरोबर नेतो आहे.

आपण चावडीवर माझे नाव झाकलेत, हे उपकार जन्मभर पुरतील. पण त्या दिवशी मला ते झाकलेले नको झाले होते. तक्ता काल पुढे गेला. तारखेच्या अनुक्रमाने लावला आहे, आणि पहिल्या ओळीत आंबेमाळ आहे.

माया पातळ होऊ देऊ नये.

आपला मेहुणा
जोतीराम