दुपारी तीनची रात्र

आई, तुझ्या त्या मरून रंगाच्या सोफ्यावर मला बाहेरच्या कपड्यांनी टेकूसुद्धा द्यायची नाहीस ना? त्यावर बायका नाचल्या. चपलांसकट. कॅमेऱ्यामागून मी ओरडत होते, “और ज़ोर से!” स्प्रिंगा मोडल्या असतील तर मोडू देत. तू जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुझ्या त्या एका फोनचं उट्टं काढायचं राहिलं होतं.

करोल बागेतली ती बरसाती आठवते? गच्चीवरची एकच खोली, माझ्या मैत्रिणीची. मैत्रीण म्हणजे काय ते तुला पहिल्याच दिवशी कळलं होतं, उगाच भोळेपणाचा आव आणू नकोस. रविवारी आम्ही तिथे जमायचो, बायकांवर प्रेम करणाऱ्या बायका. कुणी बँकेतली, कुणी नर्स, कुणी चक्क दोन पोरांची आई. अंधार पडायच्या आत घरी पोचलो नाही तर घरचे दारात उभे, म्हणून आमची रात्र दुपारी तीनलाच सुरू व्हायची. जाड पडदे ओढायचे, लाल बल्ब लावायचा, टेपवर गाणी. बाहेर ऊन मी म्हणतंय आणि आत आम्ही मध्यरात्र असल्यासारख्या नाचतोय. दिवेलागणीच्या आधी लिपस्टिक पुसून एकेक जण जिना उतरायची.

आणि एका रविवारी दारात तू. चैत्रातलं हळदीकुंकू नुकतंच झालेलं, हातात आंबेडाळीचा डबा. “अच्छा, म्हणजे हे तुझं ऑफिसचं जादा काम,” एवढंच म्हणालीस, तेही हसून. मग स्वतःच्या हातानं सगळ्यांना डाळ वाढलीस. “खाओ खाओ, बिल्कुल तीखी नहीं है.” माझी मैत्रीण तुझ्या पाया पडली गं! मला वाटलं, जिंकलो आपण. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले तर तू स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होतीस. मान वर न करता म्हणालीस, “तिच्या घरमालकाला फोन केला मी. म्हटलं, भाईसाब, आपके ऊपर गंदा काम होता है. आई म्हणून माझं कर्तव्य होतं ते. हात धू, पोळी गरम आहे.” मी धावत गेले तोवर तिचं सामान गल्लीत आलं होतं. त्याच आठवड्यात तिचा भाऊ येऊन तिला रोहतकला घेऊन गेला, आणि दिवाळीच्या आत तिचं लग्न लावून टाकलं. मला ती पुन्हा कधीच दिसली नाही. केसानं गळा कापलास आमचा. त्या रात्री मी ती पोळी खाल्ली, त्याचा राग मला अजून येतो.

आता मी फिल्म्स करते, थेटरातल्या नाहीत, गॅलरीच्या भिंतीवर दाखवतात तशा. ही नवी त्या बरसातीवर आहे. खोली पुन्हा उभी केली ती सगळी तुझ्या सामानातून. तुझं शोकेस, तुझे क्रोशाचे रुमाल, उन्हाळ्यातली गरम लू आत येऊ नये म्हणून तू शिवलेले पडदे. आणि नाचणाऱ्यांच्या डोक्यावर हार घातलेला तुझा फोटो. बघ म्हटलं, आता डोळे भरून बघ. कर फोन कुणाला करायचा तो!

पहिल्या दिवशी फिल्म संपल्यावर, ‘सगळं सामान माझ्या आईचं’ ही शेवटची पाटी वाचून एका कॉलेजातल्या मुलीनं विचारलं, “दीदी, ये आपकी मम्मी का घर है? उन्होंने करने दिया ये सब?” तुझी करणी चव्हाट्यावर मांडायची म्हणून तर एवढा खटाटोप केला होता. वाक्यं पाठ होती माझी. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मी म्हणाले, “हाँ, करने दिया.” ती म्हणाली, “यार, कितनी लकी हो आप.” मी मान डोलावली.

माफ केलं म्हणून बोलले असं समजू नकोस. तुझ्यावरून माझा कुणी हेवा करेल असं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं, आणि तो मला सोडवेना. हे तुला कळणार नाही तेच बरं. तू खूश झाली असतीस, आणि तेवढंसुद्धा तुला द्यायची माझी तयारी नाही.