नाव न घेता केलेला क्लॅम्प

९ जून, मंगळवार

पुन्हा सुटला! पंपाचा रबरी पाइप आज थेट मामंजींच्या टोपीवर. टोपी नदीत, आणि वरच्या शेतातल्या बटाट्यांना पाणी नाही ते नाहीच.

मामंजींनी पुन्हा तार गुंडाळली. तार आवळली की मऊ रबर कापतं, सैल सोडली की पाइप निसटतो — तीस वर्षं हेच चाललंय. मी म्हटलं, रुंद पट्टीचा क्लॅम्प करून दाखवते. रविवारपर्यंत मुदत मिळाली. "नाही टिकला तर पक्कड ठेव आणि कढई धर," म्हणाले. हसून म्हणाले, पण खरंच म्हणाले. आमच्या दुरुस्तीच्या दुकानातल्या बाकावरची माझी जागा पणाला लागली आहे.

१० जून

आराखडा झाला. रुंद पट्टी, कडा बाहेर वळवलेल्या, म्हणजे रबराला चावणार नाहीत. समोरासमोर दोन बोल्ट — दाब सगळीकडून सारखा. बोल्टखाली स्प्रिंगचे वॉशर, उन्हानं रबर दबलं तरी पकड ढिली पडू नये म्हणून. पट्टी मात्र पोलादाचीच हवी.

इथंच तर घोडं पेंड खातं! आमच्या किर्गिझ भाषेत पोलादाला म्हणतात बोलोत. मामंजींचं नावही बोलोत. आणि सुनेनं सासऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही. लोखंड म्हणजे तेमिर — ते मोठे दीर. या घराण्यानं माझं अर्धं दुकान गिळलंय. रशियन शब्द वापरून पाहिला, तर सासूबाई म्हणाल्या, "नाव कुठल्याही भाषेत नावच."

वहीत मात्र लिहिते. बोलोत, बोलोत, बोलोत. कसं गार वाटलं!

११ जून

नारीनच्या बाजारात उसेनच्या दुकानी फोन केला. सासूबाई शेजारीच कणीक मळत होत्या, कान माझ्याकडे. मागवली — ती कडक, चकचकीत, कितीही वाकवली तरी परत सरळ होणारी.

उसेन म्हणतो, "वहिनी, पट्टी हवीय की नवरा?"

१२ जून

पट्टी आली. चकचकीत आहे खरी. वाकवली, तर सरळ व्हायला काही तयार नाही. पण पुन्हा फोन करून सांगणार काय? दुहेरी केली आणि ठोकून काढली.

१४ जून, रविवार

दहा मिनिटं टिकला. वरच्या आळीतले लोक टाळ्या वाजवणार एवढ्यात पट्टी ताणली गेली, पाइप निसटला आणि सासूबाई नखशिखान्त भिजल्या. साधा पत्रा होता तो!

मामंजींनी विचारलं, चुकलं काय? सगळ्यांसमोर कसं सांगू? "ती... कडक नव्हती," एवढंच म्हटलं. लोक खो खो हसले, मीही हसले. मग दुकानात येऊन रडले. फार लागलं मनाला. आराखड्यात चूक नव्हती, हे मला ठाऊक आहे आणि सांगता येत नाही.

पक्कड खुंटीला टांगली. बाकावर बसून हे शेवटचं लिहितेय. सासूबाई हाका मारताहेत —

१५ जून

सूनबाई, वही बाकावर उघडी होती. वाचली. रागव हवं तर. उसेनला सकाळीच फोन केला, पोलादाची पट्टी उद्या येतेय. कडा मी वळवतो, बोल्ट तू आवळ. यापुढे दुकानात माझं नाव खुशाल घे. तुझ्या सासूला मात्र हे तूच सांग, माझी छाती होत नाही.

— बोलोत