उजव्या पायाचा बंदोबस्त

२ एप्रिल
ठरलं. धाकट्या लेकीच्या लग्नाच्या पार्टीत मी नाचणार. व्यवस्थित. बाबांसारखं नाही. बाबा शिंपी होते आणि नाचायचेही शिंप्यासारखेच. दोन्ही हातांनी कापड पुढे सारायचं, उजव्या पायाने मशीनचं पॅडल मारायचं, जीभ दातांत. माझ्या लग्नात पाहुण्यांची हसून मुरकुंडी वळली होती. अजून आठवलं की कान तापतात. माझ्यात त्यांचं काही म्हणजे काही आलेलं नाही. मी ड्रायव्हिंग स्कूल चालवतो.

४ एप्रिल
डान्स क्लास लावला. सर माझ्या गाडीपेक्षा लहान, मला काका म्हणतात. बाकी छान. फक्त, काका, उजवा पाय मध्येच का दाबताय, असं विचारलं. शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून जन्मभर ब्रेक दाबलाय, असं सांगितलं. त्यांना पटलं. मलाही पटलं.

७ एप्रिल, दुपारी
घरी सराव. दार लावून. पलीकडच्या खोलीत आई. तिला आता दिसत नाही, कान मात्र तिखट. मी अगदी रंगात आलो होतो, तेवढ्यात भिंतीपलीकडून म्हणाली, अहो, उजेडात बसून शिवा, डोळे जातील.
सर्रकन काटा आला अंगावर. बाबांना जाऊन किती वर्षं झाली! झोपेत बोलली असेल.

८ एप्रिल
झोपेत नव्हती. मटार सोलत होती म्हणे.

१० एप्रिल
कपाटाच्या आरशासमोर सराव. बघतो तर जीभ दातांत. मी धरली नव्हती. आरशावर चादर टाकली. काच जुनी झालीय, भलतंच दाखवते.

१३ एप्रिल
आई हल्ली दुपारी केस विंचरून भिंतीला खुर्ची लावून बसते. बायको म्हणाली, सासूबाई खुशीत आहेत, जेवतातही पोटभर. हवा मानवली असेल.
मला मात्र आता त्या खोलीत एकट्याने नाचायची भीती वाटते. एकटा असतो म्हणून नाही.

१५ एप्रिल
जादा क्लास. उजव्या पायाचा पक्का बंदोबस्त. सगळा भार त्याच्यावरच टाकायचा, म्हणजे दाबायला तो मोकळाच राहत नाही. मीही काही कच्च्या गुरूचा चेला नाही.

१९ एप्रिल
पाय सुतासारखा सरळ! घरी पूर्ण नाच केला. भिंतीपलीकडून काही नाही. थांबून ऐकलं. काही नाही. सुटलो.
आई जेवली नाही. ऊन वाढलंय.

२२ एप्रिल
पार्टी झाली. एक चूक नाही. कोणी हसलं नाही. टाळ्या बेताच्या. धाकटी म्हणाली, पप्पा, नीट नाचलात. गाडी पार्क केली की मी विद्यार्थ्यांना असंच म्हणतो.
आईने माझा हात चाचपून विचारलं, हे आले नाहीत का रे?
थांब, म्हटलं. तिच्या खुर्चीशी उभा राहिलो. हात पुढे सारले, जीभ मुद्दाम दातांत धरली, पाय दाबला. जमेना. सरांचीच स्टेप पडत राहिली. आता लोक हसले. आई कान देऊन बसली होती. शेवटी म्हणाली, राहू दे, दमलास तू.

२३ एप्रिल, सकाळी
बूट नवे होते, त्याने झालं असेल. आत्ता अनवाणी करून पाहिलं, बराच वेळ.
भिंतीपलीकडून आईने विचारलं, कोण आहे?
मीच आहे, म्हणून सांगितलं.