रोजचा एक शब्द

बाई, तुम्ही देवाघरी जाऊन पंचवीस वर्षं झाली आणि मी आत्ता लिहायला बसलेय. चौथीतलंच अक्षर आहे, नावं ठेवू नका. सिंगापूरला बुकित पंजांगमध्ये राहते. साखरेमुळे यांची नजर अधू झालीय, तेव्हा औषधं मीच देते. पाकिटावरचं इंग्रजी येत नाही, म्हणून गोळ्या रंगावरून ओळखायचे. गेल्या महिन्यात रंगच बदलले. मी रात्रीची गोळी सकाळी दिली आणि हे लिफ्टपाशी घामाघूम होऊन खाली बसले.

इंग्रजीचा क्लास मी दोनदा सोडलाय. मला धीर नाही, आठवड्यात सगळं यायला पाहिजे. मुलगी शाळेत अमेरिकेतल्या काळ्या लोकांचा इतिहास शिकतेय. मी मेथी निवडत होते आणि ती सांगत होती, ते गुलाम होते तेव्हा त्यांनी वाचायला शिकणं बऱ्याच ठिकाणी गुन्हा होता, सापडले तर फटके. तरी मातीत अक्षर काढायचं, पुसायचं, असं लपूनछपून शिकले. सुटका झाल्यावर तर म्हातारी माणसं पोरांशेजारी बाकावर बसली. "आणि तुझ्या क्लासला एसी आहे आई, तरी तुला कंटाळा. तुला कोण मारतंय ला?" म्हणाली कार्टी, इथल्या पोरांसारखं शेवटी 'ला' लावून. मेथी तिच्या अंगावर फेकणार होते. पण झोंबलं.

तेव्हापासून रोज एक शब्द. कुकर लावला की पाकीट समोर घ्यायचं आणि तीन शिट्ट्या होईपर्यंत तोच शब्द परातीतल्या पिठात बोटानं लिहायचा. हात कितीही शिवशिवले तरी दुसरा घ्यायचा नाही. आता सकाळ, रात्र, जेवणाआधी एवढं वाचते. गोळी चुकत नाही.

काल मुलगी जवळ येऊन म्हणाली, "तुलापण त्या गुलामांसारखं कोणी शिकू दिलं नाही ना?" मी हो म्हणून मान हलवली. वडिलांनी शाळा सोडवली, असंच सगळ्यांना सांगत आलेय. बाई, तुम्हाला ठाऊक आहे. मला शाळेत परत न्यायला तुम्ही तीनदा घरी आलात. तिसऱ्यांदा तुम्ही अंगणात उन्हात उभ्या आहात, आई भाकरी थापतेय आणि वडील म्हणतायत, "न्या की बाई, मी कुठं अडवतोय?" मी कणगीमागे दडून बसलेय. पाढा चुकला म्हणून तुम्ही वर्गात उभं केलंत, त्याचा राग. त्या माणसांच्या पाठीवर चाबूक होता. मला कोणीच अडवलं नव्हतं.

मुलीला हे अजून सांगितलेलं नाही. आधी तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही काही विचारणार नाही.