तुझ्या मोठ्या आईची रात्र दुपारी पडते

नांदगाव खंडेश्वर, रविवार

चि. आकांक्षास मोठ्या बाबाचे पोटभर आशीर्वाद.

तुझ्या बाबाचा, गोपालचा, गुडघा त्याला जिना चढू देतो का? तुझ्या आईचं पित्त बसलं का? आणि तुझ्या प्रयोगशाळेतली कोंबडीची पिल्लं बरी आहेत ना? (त्यांचं विचारू नये, समजते मले.) आम्ही बरे आहोत. फक्त तुझ्या मोठ्या आईची, मैनाबाईची, रात्र हल्ली दुपारी पडते.

दुसराही डोळा काढल्यापासून तिचं घड्याळ रोज थोडं मागं पडतं. पहाटे दोनला सडा टाकते, भर दुपारी घोरते. दीड-दोन महिन्यांनी आपोआप माणसात येते, की पुन्हा घसरली. सून ज्योत्स्ना म्हणते, बाहेरचं आहे. श्याम म्हणतो, डोक्याचं आहे. (पोरगा शिकला म्हणून शब्द वेगळा; अर्थ तोच.)

तू फोनवर सांगितलंस, अंधार पडला की पेशीतलं एक जनुक कापसाच्या जिनिंगमधल्या मुकादमासारखं उठतं, त्याच्या हुकमानं झोपेचं रसायन तयार होतं. उजेड दिसला की काम बंद. कोंबडीच्या तर डोक्यातल्या पेशींनाच कवटीतून उजेड कळतो. झालं! मी रोज सकाळी तिला अंगणात बसवून डोक्यावरचा पदर काढायचो आणि मधोमध भांग पाडायचो, उजेडाला वाट म्हणून. पाचव्या दिवशी माझे थोरले बंधू खुशालभाऊ आले. पन्नास वर्षांत ज्या भासऱ्यापुढं तिचा पदर ढळला नाही, त्याच्यापुढं उघड्या डोक्यानं! "भगवंता, ते तं गेलीच, तू काहून चालला तिच्या मांगं?" आवाजावरून तिनं ओळखलं. पदर ओढला, आणि भिंत चाचपत घरात गेली. मग तू म्हणालीस, "मोठे बाबा, ते कोंबडीचं. माणसाले उजेड डोळ्यातूनच कळते." (आधी सांगायला काय झालं होतं?)

तुझा,
भगवंत मोठेबाबा

ता. क. पोळा झाला की श्याम तिला वेड्यांच्या दवाखान्यात नेणार आहे. तुझ्या संस्थेच्या कागदावर लिहून दे: ही बाई वेडी नाही, हिच्या देहाला दिवस उगवल्याचं कोणी सांगत नाही, एवढंच. शिक्का मोठा मार. इथं अक्षरापेक्षा शिक्का वाचतात.

ता. क. दुसरं. आंधळा डोळासुद्धा कधी कधी उजेड मोजत असतो, असं तू बोलता बोलता म्हणालीस. तिचा शेवटचा डोळा दिसत नव्हता, नुसता ठणकायचा. "निकामी आहे, काढून टाकू" म्हटल्यावर सही मीच केली. तो मोजत होता का गं? खरं ते लिही, पण शिक्क्याच्या कागदावर नको. तिला पत्रं मीच वाचून दाखवतो. तेवढी ओळ गाळीन. उत्तर लवकर टाक.